स्पार्टाकस : खरं नाव शेवटपर्यंत न कळलेला माणूस (स्पॉयलर आहेत)

पाऊसवेळ

काल रात्री पावणेदोनला ‘स्पार्टाकस’चा शेवटचा भाग संपला. दुसऱ्यांदा बघत होते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा हॉस्टेलवर होते, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, आवाज बारीक करून. तेव्हा मारामाऱ्या आणि कटकारस्थानं यांतच गुंगून गेले होते. या वेळी शेवटाने असं काही धरलं की झोप आली नाही. कोणाशी तरी बोलायलाच हवं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार्झ या अमेरिकन वाहिनीवर २०१० ते २०१३ या काळात आलेली मालिका. एकूण ३९ भाग. पहिला सीझन १३ भागांचा, मग त्याच्या आधीची गोष्ट सांगणारे ६ भाग, आणि पुढचे दोन सीझन १०-१० भागांचे. कर्ता स्टीव्हन डीनाइट. इ.स.पू. ७३ मध्ये इटलीतल्या कापुआ शहरातल्या ग्लॅडिएटर शाळेतून, म्हणजे आखाड्यात लोकांसमोर लढणारे तयार करणाऱ्या तालमीतून, काही गुलाम पळाले आणि दोन वर्षं रोमन सैन्याला त्यांनी सळो की पळो करून सोडलं, ती ही गोष्ट.

मला बोलायचंय ते नावाबद्दल.

पहिल्या भागात थ्रेस प्रांतातला एक सैनिक रोमन अधिकारी ग्लेबरची आज्ञा मोडतो, पकडला जातो, बायको सुरा विकली जाते, आणि त्याला आखाड्यात मरायला उभं केलं जातं. तो चौघांना मारून उभा राहतो. आता याला म्हणायचं काय? तालमीचा मालक बॅटिएटस थ्रेसच्या एका जुन्या राजाचं नाव त्याच्यावर टाकतो : स्पार्टाकस. म्हणजे ज्या नावापुढे रोम थरथरतं ते नाव मुळात मालकाने गुलामाला दिलेलं आहे. गाईच्या कानाला बिल्ला मारावा तसं. त्याचं खरं नाव सुरा घेत असेल, पण आपल्याला ते एकदाही ऐकू येत नाही. ३९ भागांत एकदाही नाही.

आणि शेवटच्या भागात, डोंगराच्या कुशीत, पाठीत भाले घुसलेल्या अवस्थेत, त्याचा साथीदार अ‍ॅगरॉन त्याला हाक मारतो तेव्हा तो म्हणतो, ते माझं नाव नाही. माझं नाव आता बायकोच्या तोंडूनच ऐकेन, ती वाट बघतेय. पहिल्यांदा बघताना हे वाक्य माझ्या हातून निसटलं होतं. काल ते ऐकलं आणि पहिल्या भागापासूनची सगळी मालिका एकदम डोळ्यांपुढे उभी राहिली.

तुम्हाला कुठे भिडली? आणि ज्यांना नाही आवडली त्यांनीही लिहा, कारण नावडण्यासारखंही तिच्यात पुष्कळ आहे.

तांबडी माती

धागा काढलात, फार बरं वाटलं. माझ्यासाठी ही मालिका ओनोमॉसची. तेच, तालमीतले वस्ताद, ज्यांना सगळे ‘डॉक्टोरे’ म्हणतात. पीटर मेन्सा या माणसाने काय काम केलंय!

आमच्या घरात दोन पिढ्या कुस्ती. मी स्वतः सातवीपासून बारावीपर्यंत तालमीत राहिलो. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यातली माती खणणं, मग लढत. आमचे वस्ताद फार कमी बोलायचे. चुकलं तर पायावर छडी, आणि बरोबर आलं तर नुसती मान हलायची. त्या मान हलण्यासाठी पोरं जीव टाकायची. डॉक्टोरे पहिल्यांदा चाबूक आपटून विचारतो की तुमच्या पायाखाली काय आहे, आणि तालमीतला अव्वल ग्लॅडिएटर क्रिक्सस उत्तर देतो की पवित्र भूमी, रक्ताच्या अश्रूंनी भिजलेली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आम्हीसुद्धा हौद्यात पाय ठेवताना माती कपाळाला लावायचो.

पण एक फरक आहे आणि तोच मला छळतो. आमची माती आम्ही निवडली होती. घरी जायची वाट उघडी होती. डॉक्टोरेला मात्र वाटत असतं की ही तालीम, हा मान, हे बंधुत्व आपलं आहे. त्याची निष्ठा खरी आहे, पण ज्या घरावर आहे ते घर त्याला विकत घेऊन आणलेली वस्तू मानतं. तालमीतला सोबती बार्का याच्या मृत्यूमागचं सत्य कळल्यावर तो ज्या नजरेने घराकडे बघतो ना... चांगला वस्ताद वाईट मालकाच्या पदरी असला की काय होतं, ते या एका पात्रात सगळं आहे.

जुनी पानं

पाऊसवेळ, नावाचा मुद्दा इतिहासात गेलं की आणखी जड होतो.

या युद्धाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते मुख्यतः जुने ग्रीक लेखक प्लूटार्क आणि अ‍ॅपियन यांच्याकडून. दोघांनीही ते घडल्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिलं. बंडखोरांपैकी कोणाचा एक शब्द उरलेला नाही. हजारो माणसं या फौजेत होती, त्यातली नावं उरली ती हाताच्या बोटांवर : स्पार्टाकस, क्रिक्सस, ओनोमॉस, गॅनिकस, कास्टस. पाच. मालिकेने ही पाचही वापरली, पण कास्टसला समुद्री चाच्यांतला केलं; इतिहासात तो गॅनिकसच्या जोडीने वेगळ्या तुकडीचा म्होरक्या होता.

ते दोघे शेवटच्या लढाईच्या आधीच पडले. प्लूटार्क लिहितो, त्या दिवशी १२,३०० माणसं मेली आणि त्यांतल्या फक्त दोघांच्या जखमा पाठीवर होत्या. बाकीचे सगळे समोरून वार घेत पडले. हे लिहिणारा रोमच्या बाजूचा माणूस आहे, हे लक्षात घ्या.

सुरा कल्पनेतली, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाव कल्पनेतलं आहे, बाई नाही. स्पार्टाकसची बायको त्याच्याच जमातीची होती, तिच्या अंगात यायचं, ती भविष्य सांगायची, आणि रोमच्या बाजारात तो झोपलेला असताना त्याच्या तोंडाभोवती साप वेटोळं घालून बसला तेव्हा तिने त्याचा अर्थ सांगितला, असं प्लूटार्क सांगतो. पहिल्या भागातला लाल साप तिथून आलाय. तिचं नाव मात्र त्याला लिहावंसं वाटलं नाही. मालिकेने ती रिकामी जागा भरली.

निळी शाई

मी पहिल्या सीझनमध्ये स्पार्टाकस झालेल्या अँडी व्हिटफील्डबद्दल लिहिणार. माझ्यासाठी स्पार्टाकस तोच.

माहीत नसेल त्यांना सांगते. अँडी वेल्समध्ये जन्मला, शिकलेला इंजिनिअर होता, ऑस्ट्रेलियात येऊन नोकरी केली, नंतर अभिनयाकडे वळला. जानेवारी २०१० मध्ये मालिका सुरू झाली आणि मार्चमध्ये त्याला नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा असल्याचं निदान झालं. त्याला बरं व्हायला वेळ मिळावा म्हणून निर्मात्यांनी दुसरा सीझन थांबवला आणि मध्ये ते ६ भागांचं पूर्वकथानक केलं. तो बरा झाला असं वाटलं, मग आजार परतला. ११ सप्टेंबर २०११ ला तो गेला. वय ३९.

त्या वर्षी आमच्या घरात माझ्या मामाची केमो सुरू होती. मामा आणि मी मिळून पहिला सीझन बघायचो. त्यांना तलवारबाजी आवडायची, आणि अँडीचे डोळे. म्हणायचे, “हा पोरगा मारताना पण दुःखी दिसतो बघ.” थिओकोलीजचा भाग आम्ही तीनदा पाहिला. कापुआत दुष्काळ, विहिरी आटलेल्या, आणि तो राक्षसासारखा ‘मृत्यूची सावली’ आखाड्यात पडतो त्या क्षणी आभाळ फुटतं. मामांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हाताला सलाइनची पट्टी असताना.

शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत सगळ्या सीझनमधल्या कलाकारांचे चेहरे येतात. सगळ्यात शेवटी अँडी येतो, पहिल्या सीझनमधला, आणि गरजतो की मी स्पार्टाकस आहे. तो जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटचा शब्द त्याला दिला, याबद्दल या मालिकेच्या लोकांना मी कायम मानेन.

पाऊसवेळ

निळी शाई ताई, काय लिहू. मामांना माझा नमस्कार.

निळी शाई

मामा २०१२ मध्ये गेले गं. पण दुसरा सीझन पहिल्या दोन भागांपर्यंत पाहिला त्यांनी. अँडीच्या जागी स्पार्टाकस झालेल्या लियम मॅकिन्टायरला बघून म्हणाले, “याला वेळ द्या.”

रानजाई

मी नावडणाऱ्यांपैकी. तीन भाग पाहून सोडली होती.

रक्त मी समजू शकते, जरी ते कॉमिकच्या पानावर शाई उडावी तसं उडतं. पण उघडी शरीरं, दर दहा मिनिटांनी. सगळ्यात जास्त त्रास झाला तो पाठीमागे उभ्या असलेल्या गुलाम मुलींचा. मालक-मालकीण बोलत असतात आणि त्या तिथे उभ्या, हात लावायला, बघायला. मला वाटलं हे दाखवणारे लोकही त्यांना त्याच नजरेने बघतायत. तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, म्हणून विचारते : हे पुढे बदलतं का? की मी चुकीचं काही पाहिलं नाही?

पाऊसवेळ

रानजाई, तुम्ही चुकीचं काही पाहिलं नाही. सुरुवातीच्या भागांत कॅमेरा खरंच लोभी आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही.

पण बदलतं. बॅटिएटसची बायको ल्युक्रेशिया, तिची दासी नेव्हिया पहिल्या सीझनमध्ये अशीच पाठीमागे उभी असते. क्रिक्सस आणि ती चोरून भेटतात. मग तिला शिक्षा म्हणून एका घरातून दुसऱ्या घरी फिरवलं जातं, आणि दुसऱ्या सीझनमध्ये ती परत सापडते तेव्हा कोणी जवळ आलं तरी तिचं अंग आक्रसतं. क्रिक्ससला वाटतं, सोडवली म्हणजे झालं. तसं होत नाही. तिला झोप लागत नाही, स्पर्श नको असतो, मग ती म्हणते मला तलवार शिकव. आणि पूर्वकथानकात डायोना नावाची मुलगी आहे, नेव्हियाची मैत्रीण. तिच्या वाट्याला जे येतं ते बघताना कॅमेऱ्याचा लोभ नाहीसा झालाय, हे तुम्हाला जाणवेल. मी ते भाग सलग बघू शकले नाही, मध्ये थांबावं लागलं.

गुलामगिरीत माणसाचं शरीर त्याचं नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण माहीत असणं आणि पोटात खड्डा पडणं यात फरक आहे.

रानजाई

उत्तराबद्दल आभार. पटलं असं अजून म्हणत नाही. पण जिथे सोडली तिथून पुन्हा लावून बघते.

ऑकलंडकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे, मूळ रत्नागिरीचा. ही मालिका इथे ऑकलंडला चित्रित झाली, म्हणून राहवलं नाही.

कापुआचं ते कडक ऊन, तो कड्यावरचा लुडस, म्हणजे ग्लॅडिएटरांची तालीम, तो आखाडा, यातलं बहुतेक सगळं स्टुडिओच्या आत हिरव्या पडद्यापुढे झालंय. आणि कलाकारांत इथली माणसं किती आहेत बघा. ल्युक्रेशिया झालेली लुसी लॉलेस ऑकलंडची. मनू बेनेट, म्हणजे तुमचा क्रिक्सस, इथलाच, माओरी रक्ताचा. बार्का झालेला अँटोनिओ ते मायोहा आणि नासिर झालेला पाना हेमा टेलर हेही माओरी. चित्रीकरणाआधी सगळ्या ग्लॅडिएटरांना काही आठवडे कसून व्यायामाच्या शिबिरात घातलं होतं. ज्या माणसांच्या पूर्वजांची जमीन दुसऱ्या साम्राज्याने घेतली, त्यांनी रोमविरुद्ध उठलेल्या माणसांचं काम करावं, हे इथे राहून बघताना वेगळं वाटतं. माझ्या शेजारच्या माओरी आजोबांशी यावर एकदा तासभर बोललो होतो.

काठावरचा

व्हॅरो.

बाकी काही लिहायची गरज नाही, पण लिहितो. व्हॅरो गुलाम नाही. रोमन आहे, जुगारात कर्ज झालं म्हणून स्वतःला तालमीत विकून घेतलेला. कर्ज फिटलं की बायको-पोराकडे परत जायचं. त्या सगळ्या अंधारात हसणारा एकटाच. मग दहाव्या भागात न्यायाधीशाच्या पोराचा पंधरावा वाढदिवस, घरगुती लढत, दोघे मित्र समोरासमोर. सगळ्यांना माहीत की हे खेळणं आहे. आणि ते पोर, ग्लेबरची बायको इलिथियाच्या नादाने, अंगठा खाली करतं.

स्पार्टाकसचा हात उठत नाही. व्हॅरो स्वतः त्याचा हात धरून तलवार आत घेतो, कारण नाही केलं तर दोघेही मरतील.

मी एका कारखान्यात सुपरवायझर होतो. एका वर्षी वरून यादी आली, अमुक माणसं कमी करा. त्यात माझ्या गावचा, माझ्या शेजारी डबा खाणारा मित्र होता. कागद मला द्यायला लावला. तो म्हणाला, “दे रे, तुझी काय चूक.” अजून जेवताना आठवतं. ज्याने यादी केली तो त्या दिवशी तिथे नव्हता. त्या पोरासारखाच, वर बसून.

तांबडी माती

काठावरचा दादा, वाचून गप्प झालो.

जुनी पानं

अंगठ्याचं निघालंच आहे तर सांगतो. अंगठा खाली म्हणजे मरण, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण लॅटिनमध्ये ‘वळवलेला अंगठा’ एवढंच म्हटलंय. कुठे वळवलेला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि प्रत्येक लढत मरेपर्यंत नसायची. ग्लॅडिएटर घडवायला मालकाचे पैसे आणि वर्षं जायची. पॉम्पेईच्या भिंतींवर लढतींचे निकाल खरडलेले सापडलेत, त्यात हरला पण सोडला गेला अशा नोंदी पुष्कळ आहेत.

शरीरांबद्दलही. मालिकेतले सगळे कोरीव पोटाचे. एफिससला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांचं दफनस्थान सापडलं. हाडांच्या तपासणीतून दिसतं की ते बहुतेक धान्य आणि कडधान्यांवर जगायचे. रोमन लोक त्यांना ‘जवखाऊ’ म्हणायचे. अंगावर चरबीचा थर असला तर वरवरचा वार नसा-स्नायूंपर्यंत पोचत नाही, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. राखेचं पाणीही प्यायचे, त्याचा पुरावा हाडांतल्या खनिजांत मिळाला.

तांबडी माती

हे एकदम पटलं. आमच्या जुन्या पैलवानांची अंगं अशीच भरलेली असायची, कोरलेली नव्हे. पोट सुटलेलं दिसायचं पण हात लावला तर दगड. मालिकेतल्या खुराकीत जवाची पेज दाखवली आहे, तेवढं त्यांनी बरोबर धरलं.

पायवाट

मी दोन वर्षांपूर्वी नेपल्सला गेले होते, ऑफिसच्या कामासाठी. रविवार मोकळा होता. सगळे पॉम्पेईला गेले, मी लोकल पकडून सांता मारिया कापुआ वेतेरे गाठलं. लक्षात ठेवा, आज ज्या गावाला कापुआ म्हणतात ते वेगळं, काही किलोमीटरवर. स्पार्टाकसचं कापुआ म्हणजे हे.

तिथे मोठं अ‍ॅम्फिथिएटर आहे. स्पार्टाकसच्या नंतर बांधलेलं, म्हणजे त्याने या दगडांवर पाय ठेवला नाही. तरी खालच्या भुयारांत उतरता येतं, आणि मी गेले तेव्हा तिथे माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. वरून उजेडाच्या चौकोनी पट्ट्या पडत होत्या. मला एकदम दुसऱ्या सीझनमधला तो भाग आठवला ज्यात ते कापुआचा आखाडा जाळतात. ते इतिहासात घडलेलं नाही, पण तिथे उभं राहून मनापासून वाटलं की जाळला असता तर बरं झालं असतं. शेजारी ग्लॅडिएटरांचं छोटं संग्रहालय आहे.

मग आपिया या जुन्या रोमन रस्त्याचा विचार केला. इ.स.पू. ७१ मध्ये शेवटच्या लढाईनंतर रोमन सेनापती क्रॅससने ६००० कैद्यांना कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून निघावं आणि कराड मागे टाकून पुढे जावं, एवढं. मी भागाकार केला : दर तीस-पस्तीस मीटरला एक माणूस. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून खांब मोजत राहिले. पंधरा-सोळा खांबांनंतर मोजवेना.

६००० पैकी एकाचंही नाव आपल्याकडे नाही. पाऊसवेळ, तुमचं पहिलं लिखाण वाचल्यावर हेच मनात आलं.

पाऊसवेळ

पायवाट ताई, हे लिहिलंत म्हणून आता एक दृश्य सांगते, जे माझ्यासाठी मालिकेचं काळीज आहे. शेवटून दुसरा भाग. क्रिक्ससचं डोकं नेव्हियाच्या हाताने परत आलंय. चिता रचलीय. आणि जमलेली माणसं एकेक करून आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतात. बाकीचे ऐकतात. कोणी भाषण करत नाही.

क्रिक्ससच्या स्मरणार्थ ३०० रोमन कैद्यांचे बळी दिले, असं अ‍ॅपियन सांगतो, आणि रोमन लेखक फ्लोरस म्हणतो की चितेभोवती कैद्यांना ग्लॅडिएटरांसारखं लढवलं. मालिकेने लढती घेतल्या, पण त्यासोबत ही नावंही ठेवली. इतिहास लिहिणाऱ्यांनी मारलेल्यांचे आकडे ठेवले. या लेखकांनी बसून विचार केला की त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या माणसांना आकडा आठवला असता का.

दुपारची झोप

सगळ्यांशी सहमत, फक्त एक मतभेद नोंदवतो. लियमवर अन्याय होतोय. सगळे अँडी अँडी करतात. मी पण रडलोय त्याच्यासाठी. पण अँडीचा स्पार्टाकस एकटा माणूस होता, बायकोसाठी लढणारा. तिसऱ्या सीझनमधला माणूस हजारोंची भूक, थंडी, आजारी पोरं वाहतोय. त्याला राग कमी आणि थकवा जास्त हवा. बर्फातल्या भागात तो मेलेल्या लोकांमधून चालत जातो, तिथला लियमचा चेहरा बघा. ते काम दुसऱ्या कोणाच्या सावलीत उभं राहून करणं किती कठीण असेल.

निळी शाई

मान्य. खरंच मान्य. मामा म्हणाले होते तेच.

शेवंती

अ‍ॅगरॉन आणि नासिर! इतका वेळ कोणी लिहिलंच नाही म्हणून मीच लिहिते.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरी कोणाला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. तोपर्यंत मी जिथे कुठे दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम पाहिलं, तिथे एक जण मरायचाच. मी शेवटच्या भागापर्यंत वाट बघत होते, आता कोण जाणार. अ‍ॅगरॉनला क्रुसावर चढवलं तेव्हा टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी धीर करून लावला. तो परत येतो! तळहातांत खिळ्यांची भोकं, तलवार धरता येत नाही, म्हणून नासिर पाती ढालीला जोडून देतो. आणि शेवटी डोंगर ओलांडून जाणाऱ्यांत ते दोघे आहेत, हातात हात घेऊन. स्पार्टाकसच्या थडग्यावरची लाल सापाची ती ढाल अ‍ॅगरॉनचीच.

इतक्या मृत्यूंच्या मालिकेत जगायला सोडलं त्यांना. मला त्या वेळी याची किती गरज होती, शब्दांत सांगता येत नाही.

पायवाट

शेवंती, मनापासून मिठी.

सांजवात

नवीन ‘हाउस ऑफ अशुर’ कोणी बघितली का? डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बॅटिएटसच्या तालमीतला तो कपटी अशुर वेसुव्हियस डोंगरावर मेलाच नाही, उलट स्पार्टाकसला मारायला त्याने रोमनांना मदत केली आणि बक्षीस म्हणून बॅटिएटसची तालीम मिळवली, अशी कल्पना आहे. निक टाराबे उत्तम नट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला पहिला भाग बघताना पोटात कसंतरी झालं. ज्याने बार्काला मारवलं, नेव्हियाचे हाल केले, त्याच्या डोळ्यांनी जग बघायचं?

जुनी पानं

मी बघितली आणि मला तिच्यात एक गोष्ट आवडली. अकिलिया ही स्त्री ग्लॅडिएटर. अनेकांना ती आजच्या काळाची जोड वाटते. पण ब्रिटिश म्युझियममध्ये हॅलिकार्नाससहून आलेला एक कोरीव दगड आहे, त्यावर दोन स्त्रिया ढाल-तलवार घेऊन समोरासमोर उभ्या आहेत, आणि खाली नावं कोरली आहेत : अमेझॉन आणि अकिलिया. दोघींना मान राखून सोडलं, असंही लिहिलंय. आखाड्यातली टोपणनावंच ती, पण दगडावर टिकली.

सांजवात, तुमचा आक्षेप मात्र खरा आहे. स्पार्टाकस हरला हे आपल्याला आधीच माहीत असतं, तरी तो कसा हरला याला किंमत होती. ती किंमत या नव्या गोष्टीत पुसली जाते, ते मलाही सलतं.

काठावरचा

मी बघणार नाही. गॅनिकस क्रुसावर शेवटच्या क्षणी ओनोमॉसला समोर बघतो आणि आखाड्याचा जल्लोष ऐकून ओरडतो, तिथे माझी मालिका संपली. इतिहासात तो तसा मेला नाही, हे जुनी पानं यांच्याकडून आज कळलं. तरी माझ्यासाठी तो तिथेच आहे.

दुपारची झोप

पाऊसवेळनी सांगितलेल्या चितेच्या दृश्यावरून सुचलं. इथे आपण प्रत्येकाने एक नाव लिहूया का? ज्याचं जाणं सगळ्यात लागलं त्याचं. माझं : मिरा.

तांबडी माती

ओनोमॉस.

शेवंती

ड्युरो. अ‍ॅगरॉनचा भाऊ. पहिल्याच सीझनच्या शेवटी गेला, फार कमी लोक आठवण काढतात.

ऑकलंडकर

बार्का. आणि त्याची कबुतरं.

पायवाट

डायोना.

निळी शाई

अँडी. पात्राचं नाव लिहायला हवं होतं, पण मी हेच लिहिणार.

जुनी पानं

सुरा. प्लूटार्कने लिहिलं नाही म्हणून.

रानजाई

नऊ दिवसांनी लिहितेय. चौथ्या भागापासून पुन्हा सुरू केली, रोज एक. कॅमेऱ्याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे आणि त्यावर पाऊसवेळशी मी पुढेही भांडेन. काल रात्री दहावा भाग पाहिला. काय होणार ते काठावरचा यांनी इथे सविस्तर लिहिलं होतं, मी ते दोनदा वाचलं होतं. लढत सुरू झाल्यापासून पोराच्या हाताकडेच बघत होते. तरी अंगठा वळला तेव्हा तोंडातून “नको” असं मोठ्याने निघालं, नवरा आतल्या खोलीतून उठून आला.

माझं नाव लिहा : व्हॅरो. अकरावा भाग आज लावणार नाही, उद्या बघेन.